वसंतातील हिमस्खलन आणि गोव्याहून हिमालयात जाणारे पदभ्रमक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिगम्याचे, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या उत्सवाचे, रोमटामेळ (मिरवणुका) आटोपले की फोंडा, म्हापसा, साखळी, मडगाव अशा गावांतून हिमालयात जाऊ इच्छिणाऱ्यांची चौकशी सुरू होते. फोंड्यातून लहान गट घेऊन हिमाचल आणि उत्तराखंडात जाणाऱ्या आम्हा काही मित्रांकडे जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ही उत्तरे पर्वतारोहणाच्या प्रशिक्षणाची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र पैसे भरण्यापूर्वी आणि बर्फावर पाऊल ठेवण्यापूर्वी एवढे तरी प्रत्येकाला ठाऊक असावे, असे आम्हांला वाटते.

आम्ही मे महिन्यात जाणार आहोत. तेव्हा उन्हाळा असतो. हिमस्खलन तर हिवाळ्यात होते ना?

गोव्यातला मे आणि चार हजार मीटर उंचीवरचा मे यांत नावापलीकडे काही साम्य नाही. सार पास (सुमारे ४,२०० मीटर), हामटा पास (सुमारे ४,२७० मीटर) आणि रूपिन पास (सुमारे ४,६५० मीटर) या गोव्यातील मंडळींच्या आवडीच्या वाटांवर मे महिन्यात, काही वर्षी जूनच्या मध्यापर्यंत, भरपूर बर्फ असतो. हिवाळ्यात साठलेला तो सगळा बर्फ याच काळात सैल होऊ लागतो. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नाथू ला रस्त्यावर पंधराव्या मैलाजवळ झालेल्या हिमस्खलनात सात पर्यटकांचा मृत्यू झाला. त्या दिवशी गोव्यात आपण पंखा पाचवर ठेवून बसलो होतो.

धोका हिवाळ्यात असतो आणि वसंतातही असतो, फक्त त्याचा स्वभाव बदलतो. हिवाळ्यात वादळ आणि वारा यांवर लक्ष ठेवावे लागते, तर वसंतात मुख्यतः ऊन, रात्रीची थंडी आणि हातातले घड्याळ यांवर.

‘हिमनदी फुटली’, ‘ग्लेशियर टूटा’ अशा बातम्या येतात. ते हिमस्खलनच का?

बहुधा नाही, आणि शब्दांचा हा घोळ आपल्या वृत्तपत्रांनीही वाढवला आहे. डोंगरउतारावर साठलेला बर्फ सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. हिमनदी म्हणजे वर्षानुवर्षे दाबला जाऊन घट्ट झालेल्या बर्फाचा संथ सरकणारा प्रवाह. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात जो प्रलय झाला, त्यात रोंती शिखराच्या कुशीतून खडक आणि हिमनदीचा बर्फ यांचा अजस्र तुकडा तुटून ऋषीगंगेच्या खोऱ्यात कोसळला होता. तेथे पदभ्रमकाच्या दक्षतेने काही टळणारे नव्हते. या पानावर केवळ उतारावरच्या हिमस्खलनाचा विचार केला आहे, कारण त्याबाबत सामान्य पदभ्रमकाच्या हाती बरेच काही असते.

वसंतात बर्फ सुटतो तो नेमका कशामुळे?

बर्फ एकाच जाडीचा, एकाच पोताचा नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा वेगळा थर बसतो, मधल्या काळात ऊन पडले असेल तर त्यावर कडक पापुद्रा धरतो, कडाक्याच्या थंडीत तळाशी भरड दाण्यांचा सुटा थर तयार होतो. आगरवाड्याच्या मिठागरातले जाडे मीठ मुठीत घेऊन दाबून पाहा: दाणे एकमेकांना धरत नाहीत, बोटांतून ओघळतात. बर्फाच्या तळाशी असाच थर असला आणि वर जड, एकसंध पाटी बसलेली असली, तर ती पाटी केवळ सवयीने जागेवर राहिलेली असते.

आता यात पाणी येते. उन्हाने वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी दाण्यांमधल्या फटींतून खाली झिरपते. जोवर पाणी थोडे असते, तोवर ते दाण्यांना एकमेकांशी चिकटवते. समुद्रकिनाऱ्यावर मुले ओलसर वाळूचे किल्ले करतात, त्यातले तत्त्व हेच. पाणी वाढले की तीच वाळू ढासळते. बर्फात हे पाणी एखाद्या कडक पापुद्र्यावर किंवा थेट खडकाच्या तळावर अडते, तेथे पसरते आणि वरच्या सगळ्या थराचा आधार काढून घेते. खाजन शेताच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेताच्या, बांधाला खांड पडण्यापूर्वी बांध बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून त्याची माती केव्हाच ओली झालेली असते, उताराचेही तसेच.

हिवाळ्याचा थंड बर्फ पहिल्यांदा खऱ्या अर्थाने ओला होतो ते चार-सहा दिवस सर्वांत वाईट. त्यानंतर दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे असे चक्र अनेकदा फिरले की थरांमधले भेद पुसले जातात आणि बर्फ पुष्कळ अंशी स्थिरावतो. म्हणूनच ‘मागच्या वर्षी याच तारखेला आम्ही गेलो होतो, काही झाले नाही’ या वाक्याला बर्फाच्या बाबतीत फारशी किंमत नाही. तारीख तीच असली, तरी चक्र त्या टप्प्याला पोचलेले असेलच असे नाही.

ओल्या बर्फाचे हिमस्खलन सावकाश येते म्हणतात. मग पळून जाता येणार नाही का?

कोरड्या भुकटीचे हिमस्खलन ताशी शंभर किलोमीटरचा वेग सहज ओलांडते आणि त्या मानाने ओले हिमस्खलन संथ असते, हे खरे. पण गुडघाभर बर्फात, पाठीवर दहा किलोंचे ओझे घेऊन, विरळ हवेत माणूस किती पळेल? शिवाय ओल्या बर्फाचा एक घनमीटर सुमारे अर्धा टन भरू शकतो. तो वाहताना खडक आणि झाडे सोबत आणतो, आणि थांबताक्षणी गच्चीवर ओतलेल्या काँक्रीटसारखा आवळतो. त्यात अडकलेल्या माणसाला हाताचे बोटही हलवता येत नाही.

सकाळी नेमके किती वाजता निघावे?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि लोक तो सर्वांत शेवटी, सहज म्हणून विचारतात. उत्तर मागून पुढे काढावे लागते. तीव्र उतारांखालून तुम्हांला साधारण सकाळी नऊ-दहाच्या आत बाहेर पडायचे आहे. तेथपर्यंत चढून परत उतरायला जितके तास लागतात तितके वजा करा, त्यात रेंगाळण्याचा एक तास मिळवा. बहुतेक खिंडींसाठी हे गणित रात्री दोन ते चारच्या दरम्यान येते. पहाटेच्या गोठलेल्या बर्फावर पाऊल टाकले की करकर आवाज येतो, बूट वर राहतो आणि चालणेही सोपे जाते. तोच बर्फ अकरा वाजता लापशीसारखा होतो.

गोव्याच्या माणसाची येथे एक खास फसगत होते. घड्याळ देशभर एकच असले, तरी सूर्य एकाच वेळी उगवत नाही. मेच्या मध्यावर पणजीत सहा वाजून गेल्यावर उजाडते, मनालीच्या परिसरात त्याच्या सुमारे चाळीस मिनिटे आधी. एप्रिलच्या सुरुवातीला गंगटोक तर गोव्याच्या जवळजवळ एक तास पुढे असते. ‘आठच तर वाजलेत’ असे आपण म्हणतो, तेव्हा पूर्वेकडच्या उतारावर ऊन पडून दोन-अडीच तास झालेले असतात.

एका मे महिन्यात हिमाचलातल्या एका खिंडीखाली आमच्या तेराजणांचा तळ होता. निघण्याची वेळ पहाटे तीनची ठरली होती. कोणाचे मोजे सुकले नव्हते, कोणाला चहा हवा होता, स्टोव्ह पेटत नव्हता; आम्ही निघालो तेव्हा पाच वाजून वीस मिनिटे झाली होती, आणि या उशिराचा दोष गट चालवणाऱ्या आम्हांलाच जातो. साडेआठला पहिल्या उभ्या उताराच्या तोंडाशी पोचलो. पुढे चालणाऱ्या स्थानिक वाटाड्याने काठी बर्फात खुपसली. ती मुठीपर्यंत गेली. त्याने ती बाहेर काढली, टोकाला लागलेला ओला बर्फ अंगठ्याने पुसला आणि काही न बोलता खाली बसला. वर दीड-दोनशे मीटरच राहिले होते आणि आमच्यातल्या दोघांनी बरीच हुज्जत घातली. आम्ही उतरलो. बाराच्या सुमारास तळावर डाळ-भात जेवत असताना, खनिजाने भरलेला टिपर रिकामा करताना येतो तसा घरघराट आला आणि समोरच्या घळीतून, म्हणजे आमच्या वाटेवरूनच, मळकट पिवळा बर्फ पाच-सात मिनिटे ओघळत राहिला.

रात्री ढग होते, पण थंडी खूप वाजली. बर्फ गोठला असेल ना?

तंबूत वाजलेल्या थंडीवरून बर्फाचा अंदाज बांधू नये. निरभ्र रात्री बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतो. हवा शून्याच्या एखाद-दोन अंश वर असली तरी पृष्ठभाग गोठू शकतो. आकाश ढगांनी झाकलेले असेल तर गोधडी पांघरल्यासारखे होते आणि उष्णता अडते. त्यामुळे ढगाळ रात्रीनंतरची पहाट, रात्री पडलेला पाऊस आणि सलग दोन-तीन न गोठलेल्या रात्री या तिन्ही गोष्टी जाणे रद्द करण्यास पुरेशा आहेत. निघताना तंबूबाहेर टाचेने जोर देऊन पाहावे. पापुद्रा फुटून खाली मऊ बर्फ लागला, तर रात्रीने तिचे काम पुरे केलेले नाही.

किती उताराला धोकादायक म्हणावे? उतार मोजायचा कसा?

बहुतेक हिमस्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात. पंचवीस अंशांखाली ती क्वचितच सुटतात, मात्र ओला बर्फ कधीकधी सौम्य उतारावरूनही घसरतो. साठ अंशांच्या भिंतीवर बर्फ साठतच नाही. तीस अंश म्हणजे किती, हे गोव्यात कोणालाही समजावे: जुन्या कौलारू घराच्या छपराचा उतार साधारण तेवढा असतो. पावसाळ्यापूर्वी कौले परतायला चढलेला माणूस जेथे सहज उभा न राहता हात टेकवत सरकतो, तो उतार. डोळ्यांना तो फारसा तीव्र दिसत नाही आणि नेमका म्हणूनच फसवतो.

मोजण्यासाठी फोनमधले उतारमापक ॲप चालते. फोन थंडीने बंद पडला, तर सारख्या लांबीच्या दोन काठ्या पुरतात. एक काठी उतारावर उभी धरावी आणि दुसरी तिला काटकोनात आडवी धरून उताराकडे न्यावी. आडव्या काठीचे टोक उभ्या काठीच्या माथ्याशी धरल्यावर दुसरे टोक उताराला लागले तर उतार पंचेचाळीस अंशांचा. उभ्या काठीच्या मध्यावर धरून लागले तर सुमारे सत्तावीस अंशांचा. या दोहोंच्या मधला प्रदेश आपल्या चिंतेचा.

आपण उभे आहोत तो उतार सौम्य आहे, यावर समाधान मानू नये. डोक्यावर काय टांगलेले आहे, ते पाहावे लागते. सपाट कुरणातून जाणारी वाटही वरच्या घळीच्या तोंडाशी असेल, तर ती हिमस्खलनाच्या वाटेतच आहे. देवदारांच्या रानात मध्येच एक उभा, झाडे नसलेला पट्टा दिसला, कडेच्या झाडांच्या वरच्या बाजूच्या फांद्या मोडलेल्या दिसल्या, तर तेथून बर्फ नेहमी येतो, असे झाडांनीच लिहून ठेवलेले असते. अशा पट्ट्यात तंबू ठोकू नये आणि डबा खायलाही बसू नये.

कोणत्या दिशेचा उतार टाळावा?

सकाळी पूर्वेकडचे, मध्यान्हापर्यंत दक्षिणेकडचे आणि दुपारनंतर पश्चिमेकडचे उतार तापतात. उत्तरेकडचे उतार सावलीत राहून थंड राहतात, पण त्यांत हिवाळ्यातले कमकुवत थर अधिक काळ टिकतात आणि मोसमात उशिरा, पहिल्या मोठ्या उष्म्यात, ते एकाएकी मोकळे होतात. बर्फातून डोकावणारे काळे खडक आधी तापतात आणि त्यांच्याभोवतीचा बर्फ पातळ व पोकळ असतो. विश्रांतीसाठी तेथे टेकण्याचा मोह होतो, तो आवरावा.

धोक्याची कोणती चिन्हे नवख्यालाही ओळखता येतात?

पहिले आणि सर्वांत खात्रीचे चिन्ह म्हणजे आसपासच्या सारख्याच उतारावर नुकतेच झालेले हिमस्खलन. यापेक्षा स्पष्ट भाषेत डोंगर बोलत नाही. पायाखाली ‘हुप्’ असा दबका आवाज येऊन बर्फ किंचित खचला किंवा पावलापासून भेग पुढे धावत गेली, तर कमकुवत थर कोसळला आहे असे समजून तत्काळ आल्या वाटेने मागे फिरावे. उन्हात उतारावरून आपोआप घरंगळणारे, फिरता फिरता मोठे होणारे बर्फाचे गोळे दिसू लागले की पृष्ठभाग ओला झाला असे जाणावे. पाय घोट्यापर्यंत रुतू लागला की परतीची वेळ झाली. नडगीपर्यंत रुतू लागला तर ती उलटून गेली आहे.

कड्यांच्या माथ्यावर वाऱ्याने घडवलेले बर्फाचे छज्जे असतात, त्यांना कॉर्निस म्हणतात. त्यांच्याखालून जाऊ नये, आणि छायाचित्रासाठी त्यांच्यावर तर मुळीच जाऊ नये. छज्जा तुटतो तो पुष्कळदा काठापासून आपल्या अंदाजापेक्षा बराच आत तुटतो.

वाटेत ताजी हिमवृष्टी झाली तर?

वसंतातही पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, येतात आणि एका रात्रीत फूट-दीड फूट बर्फ टाकून जातात. अशा वेळी निदान चोवीस तास, शक्यतो अठ्ठेचाळीस तास तीव्र उतारांपासून दूर राहावे. वादळानंतरची पहिली लख्ख सकाळ ही सर्वांत देखणी आणि सर्वांत घातक असते, कारण ताज्या, भरीव थरावर कडक ऊन पडते आणि सगळ्यांनाच निघण्याची घाई झालेली असते. उंचावर बर्फाऐवजी पाऊस पडला, तर परिस्थिती त्याहूनही वाईट समजावी.

अधिकृत इशारे कोठे पाहावेत?

मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली ‘सासे’ ही बर्फ आणि हिमस्खलन यांचा अभ्यास करणारी संस्था २०२० मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेत विलीन करून संरक्षण भू-माहिती संशोधन संस्था, म्हणजेच डीजीआरई, निर्माण करण्यात आली. डीआरडीओच्या अखत्यारीतील ही संस्था जम्मू-काश्मीर, लडाख, हिमाचल आणि उत्तराखंड यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. राज्य आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा ते पुढे पोचवतात. हवामान विभागाचा जिल्हावार अंदाजही रोज पाहावा.

इशारा एका मोठ्या प्रदेशासाठी असतो, तुमच्या घळीसाठी नसतो, हे मात्र विसरू नये. धोक्याच्या पाच पायऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर तिसरी पायरी आपल्याला ‘मधली’, म्हणून चालण्याजोगी वाटते. आल्प्समध्ये मृत्यू मात्र याच पायरीवर फार होतात, कारण चौथ्या पायरीला लोक घरी बसतात.

आमच्यासोबत अनुभवी गाइड आहे. मग आम्ही काळजी का करावी?

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेची तुकडी हिमस्खलनात सापडली. पंचवीसहून अधिक प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षक त्यात गेले. देशातल्या नावाजलेल्या संस्थेची, शिकवण्यासाठीच नेलेली ती तुकडी होती. अनुभव धोका कमी करतो. बर्फाला मात्र समोरच्याचा अनुभव ठाऊक नसतो.

आयोजकाला पैसे भरण्यापूर्वी विचारावे: निघण्याची वेळ कोण ठरवतो, परत फिरण्याची शेवटची वेळ किती, राखीव दिवस आहे का, एका गाइडमागे किती माणसे आहेत, आणि खिंड गाठली नाही तर कोणाच्या खिशाला झळ बसते. शेवटच्या प्रश्नाला अडखळत उत्तर आले, तर आम्ही दुसरा आयोजक शोधतो. ज्या वाटाड्याच्या बक्षिसीचा संबंध माथ्याशी जोडलेला आहे, त्याच्याकडून निःपक्ष निर्णयाची अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

आम्ही चालणार नाही, गाडीने बर्फ पाहायला जाणार आहोत. आम्हांला हे लागू आहे का?

पूर्णपणे लागू आहे. वर सांगितलेल्या नाथू लाच्या दुर्घटनेत बळी पडलेले लोक गिर्यारोहक नव्हते. परवाने तेराव्या मैलापर्यंतचे असताना वाहने त्यापुढे गेली होती. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या तळावर हिमस्खलन आदळले. चोपन्न जण सापडले, त्यांतल्या आठांचा मृत्यू झाला. आपल्या किनाऱ्यावर जीवरक्षकांनी लाल बावटा लावला असताना पाण्यात शिरणाऱ्या पर्यटकाला आपण काय म्हणतो, ते आठवावे. नाक्यावरच्या पोलिसाने गाडी अडवली की तेथे आपण तोच पर्यटक असतो. रस्त्याकडेला घळीच्या तोंडाशी गाडी उभी करून मुलांना बर्फात सोडू नये.

धोक्याचा उतार ओलांडणे टाळताच आले नाही तर काय करावे?

आधी टाळण्याचा आणखी एकदा प्रयत्न करावा. नाहीच जमले, तर एका वेळी एकानेच ओलांडावे आणि बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून त्याच्यावर नजर ठेवावी. गप्पा मारत रांगेने जाणे म्हणजे एकाच अपघातात सगळ्यांना घालणे. काठीचे मनगटातले पट्टे काढावेत, जॅकेटची चेन लावावी, नाका-तोंडाजवळ कापड असावे. उतार शक्य तितका वरच्या बाजूने ओलांडावा आणि मध्ये थांबू नये. खाली घळ, ओढा किंवा कडा असेल, तर लहानसे हिमस्खलनही प्राणघातक ठरते, कारण तेथे थोडासा बर्फही खोल साठतो.

नाल्यावरचा बर्फाचा पूल पक्का आहे, हे कसे ओळखावे?

वरून पाहून ओळखता येत नाही. खालून पाणी तो पोखरत असते. ओलांडायचाच तर पहाटे, एकेकाने, काठीने ठोकून, आणि पाण्याचा आवाज मोठा येत असेल किंवा मध्यभागी खोलगट व काळसर भाग दिसत असेल तर अजिबात नाही.

बीकन, प्रोब आणि फावडे खरोखर आवश्यक आहे का?

हिवाळी किंवा वासंतिक शिखरमोहीम, स्कीइंग आणि तीव्र उतारांची वाट यांसाठी तिन्ही प्रत्येकाकडे असायला हवीत. एकाकडे असून उपयोग नाही. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर सतत संदेश सोडतो आणि शोधताना दुसऱ्याचा संदेश पकडतो. प्रोब म्हणजे दोन-अडीच मीटर किंवा त्याहून लांब, घडीची सळई. बर्फात खुपसून माणूस नेमका कोठे आहे, ते तिने कळते. फावडे धातूचे असावे, कारण आवळलेल्या ओल्या बर्फावर प्लास्टिकचे मोडते. मोबाइल, पॉवर बँक आणि चुंबकाची बटणे बीकनपासून निदान वीस सेंटिमीटर दूर ठेवावीत, शोधताना पन्नास.

आपल्याकडच्या बहुतेक व्यावसायिक पदभ्रमणांत ही उपकरणे दिली जात नाहीत, हे वास्तव आहे. ती नसतील, तर त्या वाटेवरचे तीव्र उतार आपल्यासाठी बंद आहेत असेच धरावे.

हिमस्खलनात सापडल्यास काय करावे?

ओरडून इतरांना सावध करावे आणि प्रवाहाच्या जवळच्या कडेकडे आडवे निसटण्याचा प्रयत्न करावा. काठ्या सोडून द्याव्यात, वरच्या भागात राहण्यासाठी हातपाय मारावेत. वेग मंदावतो आहे असे जाणवले की दोन्ही हात तोंडासमोर आणून श्वासापुरती पोकळी करावी. बर्फ थांबल्यावर ते जमत नाही.

सोबती गाडला गेला, तर मदत आणायला धावावे की शोधावे?

शोधावे. स्वित्झर्लंडमधील अनेक वर्षांच्या नोंदी सांगतात की बर्फाखाली पूर्ण गाडलेल्यांना पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढले तर दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्धा तास उलटल्यावर हे प्रमाण तिघांवर येते. बहुतेकांचा मृत्यू थंडीने नव्हे, गुदमरून होतो. म्हणजे वाचवणारे हात त्या क्षणी तेथे असलेल्यांचेच. हेलिकॉप्टर किंवा बचाव पथक येईपर्यंत ही मुदत संपलेली असते.

वरून आणखी बर्फ येण्याची शक्यता पाहून, माणूस शेवटचा जेथे दिसला ती जागा काठी रोवून खुणावावी आणि तेथून खाली शोध सुरू करावा. टोपी, हातमोजा, काठी, जे दिसेल ते ओढून पाहावे. बीकन असतील तर उरलेल्या सर्वांनी आपापले ‘शोध’ स्थितीत आणावेत. एकाचाही ‘प्रक्षेपण’ स्थितीत राहिला तर सगळे त्याच्याच मागे फिरतात. प्रोब लागला की ती काढू नये, आणि डोक्यावरून खड्डा न खणता तिच्या उताराकडच्या बाजूने आत खणत जावे. तोंड मोकळे होताच श्वास पाहावा. श्वास नसेल तर कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब लगेच सुरू करावेत. गट मोठा असेल तरच एकाने ११२ वर किंवा जिल्हा आपत्ती कक्षाच्या १०७७ वर संपर्काचा प्रयत्न करावा.

नेटवर्क नसते, म्हणून सॅटेलाइट संदेशयंत्र न्यावे का?

परवानगीशिवाय नेऊ नये. भारतात परवान्याविना सॅटेलाइट फोन आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी खिशातली यंत्रे बाळगणे हा गुन्हा आहे, आणि गोव्याच्या विमानतळावरच अशा यंत्रांपायी परदेशी पाहुण्यांवर गुन्हे नोंदले गेले आहेत. परदेशातल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेले यंत्र बॅगेत टाकण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. आयोजकाकडे वॉकी-टॉकी आहे का आणि खालच्या तळावर ती ऐकायला माणूस बसतो का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

गोव्यात राहून याचा सराव करता येईल का?

बर्फाचा नाही. सत्तरीतला सोसोगड चढून दम वाढवता येतो, चोर्ल्याच्या रानात पहाटे तीनला उठून निघण्याची सवय लावता येते, आणि मिरामारच्या वाळूत एक प्रोब व दोन फावडी घेऊन पुरलेली पिशवी किती मिनिटांत निघते, हे पाहता येते. आम्ही ते करतो. पहिल्या वेळी एक मीटर खोल पिशवी काढायला आमच्या चौघांना सतरा मिनिटे लागली आणि भेळ खाणारी मंडळी आम्हांला हसत होती. खरे शिक्षण हवे असेल, तर उत्तरकाशीची नेहरू पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था किंवा दार्जिलिंगची हिमालयन पर्वतारोहण संस्था यांचा सुमारे चार आठवड्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम करावा. जागा लवकर भरतात.

परत फिरावे लागले, तर पैसे बुडतात. त्याचे काय?

बुडतात. आमचेही बुडाले आहेत. वर सांगितलेल्या खिंडीच्या वेळी आयोजकाने एक रुपयाही परत केला नाही, आणि करारात तसे लिहिलेले असल्यामुळे आम्हांला बोलता आले नाही. पण अनेक गटांना पुढे ढकलणारी गोष्ट पैशांपेक्षा परतीचे तिकीट ही असते. गोव्याची आरक्षणे दोन महिने आधी काढावी लागतात, मेमध्ये ती चटकन संपतात, मग हवामान बिघडले तरी ‘परवा दिल्लीहून गाडी आहे’ हा विचार डोक्यातून जात नाही आणि राखीव दिवस कागदावरच राहतो. त्या वर्षी हुज्जत घालणाऱ्या दोघांपैकी एकाची रजाच संपत होती. तेव्हापासून आम्ही निजामुद्दीनहून वास्कोकडे येणाऱ्या गोवा एक्सप्रेसची तिकिटे ठरलेल्या तारखेच्या दोन दिवस नंतरची काढतो, आणि ते दोन दिवस उरलेच तर दिल्लीत कोणाच्या तरी घरी बांगड्याच्या लोणच्यासह काढतो.